पोलिसांच्या गाडीवरून दोन शब्द

मोबाइल घरी ठेवा. एक जास्तीचा स्वेटर पिशवीत टाका. दुपारी त्याचं ओझं वाटेल, रात्री दोन वाजता मला दुवा द्याल. पुरुष असाल तर गळ्यात टाय हवा. हो, टाय. निघालोय आपण निदर्शनाला, पण 1964 मधली बर्कलीची बंडखोर पोरं अजून कोट-टाय घालून बंड करतात आणि मुली नीटनेटक्या स्कर्टमध्ये येतात. लांब केस आणि फुलाफुलांचे झगे यायला दोन-तीन वर्षं अवकाश आहे. तुमच्या सावळ्या रंगाची काळजी नको. इथे शिकायला आलेले भारतीय आहेतच, कुणी मान वळवून बघणार नाही.

उतरलात? हा टेलिग्राफ ॲव्हेन्यू. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं, कॅलिफोर्नियातलं हे विद्यापीठाचं गाव. ‘मेडिटेरेनियम’ कॅफेच्या दारातून कडक कॉफीचा आणि सिगारेटचा वास एकदमच अंगावर येतो. सिगारेटची सवय करून घ्या, आज प्रत्येक जण ओढतोय. पुस्तकांची दुकानं मागे टाकत सरळ चालत राहा, रस्ता संपतो तिथे विद्यापीठाचं प्रवेशद्वार आहे. आता खाली बघा. पायाखाली विटांची फरसबंदी आहे, जेमतेम 26 फूट रुंद. सगळं भांडण या पट्टीवरून पेटलंय.

आजवर या पट्टीवर विद्यार्थ्यांची टेबलं लागत. घडीचं टेबल, वर पत्रकांची चळत, बिल्ले आणि नाणी टाकायला एक डबा. कुणी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी पैसे गोळा करी, कुणी समाजवादी मासिक विकी, कुणी रिपब्लिकन उमेदवाराचा प्रचार करी. सगळे समजत, ही जागा शहराची. सप्टेंबरात विद्यापीठाने जाहीर केलं की जागा आमची, टेबलं उचला. आत बोलायला मनाई नव्हती. माहिती द्या, चर्चा करा. पण पैसे मागू नका, सभासद करू नका, कुठल्या कृतीची हाक देऊ नका. म्हणजे पुरणपोळीचं हवं तेवढं वर्णन करा, ‘खा’ म्हणू नका. या फतव्याने डावे आणि उजवे एकाच दिवशी दुखावले आणि चक्क एकत्र आले.

घाई करा, बारा वाजत आलेत. आत स्प्राउल प्लाझावर या. डावीकडे कारंजं आहे, उजवीकडे पायऱ्यांच्या माथ्यावर पांढरे खांब असलेली इमारत. तो स्प्राउल हॉल, प्रशासनाचं ठाणं. त्याच्यासमोर आज मुद्दाम टेबलं मांडली आहेत. एका टेबलामागे बसलेला तो मिशीवाला तरुण म्हणजे जॅक वाइनबर्ग, वय 24, गणिताचा माजी विद्यार्थी. विद्यापीठाचे पोलीस त्याला ओळखपत्र मागतात. तो देत नाही. ते त्याला अटक करतात. आणि तो काय करतो पाहा: हात उगारत नाही, पळत नाही, सगळं अंग सैल सोडून देतो. शुद्धीवरचा, पण स्वतःहून एक पाऊल न टाकणारा माणूस उचलून नेणं किती अवघड असतं, ते त्या पोलिसांच्या चेहऱ्यावर वाचा.

म्हणून ते गाडी आणतात. थेट चौकात, जेवणाच्या सुट्टीच्या गर्दीत. वाइनबर्गला मागच्या सीटवर घालतात. एवढ्यात कुठून तरी आवाज येतो, “बसा! खाली बसा!”

तुम्हीही बसा. उभे राहिलात तर मागचे ओरडतील. विटा उन्हाने तापल्यात, स्कर्टवाल्या मुली वह्या खाली घालून टेकताहेत, कुणाचं कोपर तुमच्या बरगडीत आहे, कुणाचं दप्तर तुमच्या मांडीवर. गाडीच्या पुढे माणसं, मागे माणसं, बंपरला पाठ लावून माणसं. मनोऱ्यावरच्या घंटांचे सूर गर्दीवरून वाहत येतात. चालकाने इंजिन सुरू केलं तरी जाणार कुठे? पोलिसांनी एका पोराला पकडलं आणि पोरांनी पोलिसांची गाडी.

आता गाडीच्या टपाकडे लक्ष ठेवा. एक किडकिडीत, कुरळ्या केसांचा तरुण पुढे येतो. मारिओ साव्हिओ, वय 21, तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. एरवी बोलताना अडखळतो. तो खाली वाकून पायातले बूट काढतो. आपल्याकडे सभेत कुणी वहाण काढली की पुढचे लोक आधी डोकं सांभाळतात. इथे घाबरू नका. गाडीला ओरखडा पडू नये म्हणून काढलेत ते. नुसत्या मोज्यांवर तो टपावर चढतो. पत्रा किंचित दबतो, आणि तोंड उघडल्यावर अडखळणं गायब होतं.

पुढचे कित्येक तास हेच व्यासपीठ. एक उतरतो, दुसरा बूट काढतो आणि चढतो. विरोधकांनाही चढू देतात. “तुम्ही चूक करताय, घरी जा” असं सांगणाराही गाडीवर उभा राहून पूर्ण बोलतो आणि धड खाली उतरतो. तुमचा नंबर लागला तर शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची सवय उसळून येईल, पण ‘व्यासपीठावरील मान्यवर’ म्हणू नका. व्यासपीठ पोलिसांचं आहे आणि मान्यवर आत कोंडलेत. खिडकीतून वाइनबर्गला सँडविच दिलं जातंय. त्याच्या नैसर्गिक विधीचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. सगळ्यांच्याच आलाय, मोठ्याने कुणी विचारत नाही.

सगळंच सोज्वळ आहे असं समजू नका. संध्याकाळी स्प्राउल हॉलच्या दारात रेटारेटी होते. दार लावू पाहणारे पोलीस, आत घुसू पाहणारी पोरं, मधे पायांचा गुंता. त्यात मघाचा मोजेवाला साव्हिओ एका पोलिसाच्या पायाला कडकडून चावतो. अहिंसेच्या वर्गात हे शिकवलेलं नव्हतं.

असा वर्ग खरोखर असे, आणि त्याचा एक धागा आपल्या नागपूरपर्यंत येतो. जेम्स लॉसन हा कृष्णवर्णीय तरुण 1953 ते 1956 या काळात मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. सत्याग्रहाचा अभ्यास त्याने तिथे राहून केला. मायदेशी परतल्यावर नॅशव्हिल शहरात त्याने विद्यार्थ्यांच्या तालमी घेतल्या: शिवी ऐकून गप्प कसं राहायचं, मार पडताना डोकं कसं झाकायचं. ती मुलं दक्षिणेतल्या चळवळीत पुढे आली, आणि त्याच चळवळीत काम करायला साव्हिओ यंदाच्या उन्हाळ्यात मिसिसिपीला जाऊन आलाय. तुमच्या शेजारी बसलेल्या अमेरिकन मुलीला नागपूर नकाशावर दाखवता येणार नाही. अंग सैल सोडायचं मात्र तिला नीट कळतं.

रात्र झाली. काढा तो स्वेटर. खाडीवरून गार वारा सुटलाय, विटांमधली ऊब केव्हाच गेली. कुणी झोपायच्या पिशव्या आणल्यात, कुणी एका ब्लँकेटखाली चौघं. दिव्याच्या उजेडात कुणी उद्याचा गृहपाठ करतंय. मध्यरात्रीच्या सुमाराला कडेने आरोळ्या उठतात. या चळवळीवर खार खाणारी, फ्रॅटर्निटी नावाच्या विद्यार्थी-मंडळांतली धडधाकट पोरं मोठ्या संख्येने आलीत. एक अंडं तुमच्या पुढच्याच्या पाठीवर फुटतं. तो बुळबुळीत ओघळ बघा, कच्च्या अंड्याचा वास घ्या. पाठोपाठ जळत्या सिगारेटी येतात. एक केसात पडली तर झटका, पण उठू नका. उठलात की मारामारी, आणि मारामारी झाली की पोलिसांना हवं ते निमित्त.

एक कॅथलिक पाद्री गाडीवर चढून दोन्ही बाजूंना शांततेची विनवणी करतो. मग बसलेले लोक एक अजब गोष्ट करतात: गप्प बसतात. घोषणा नाही, गाणं नाही, उलट उत्तर नाही. शिव्या देणाऱ्याला समोरून काहीच परत येईना की त्याचाच आवाज त्याला बोचायला लागतो. हळूहळू आरोळ्या विरळ होतात, आणि ती पोरं पांगतात. वाक्‌स्वातंत्र्यासाठी जमलेल्या या लोकांचं दोन दिवसांतलं सगळ्यात प्रभावी भाषण हेच, असं माझं मत.

दुसरा दिवस उन्हाचा आणि पेंगुळलेला. अंग आंबलंय, तोंडाला कालच्या कॉफीची चव, आजूबाजूला घामाचा आणि पाव-चीजचा वास. दुपार कलते तशी पलीकडून मोटारसायकलींची घरघर सुरू होते. पोलीस येताहेत. विद्यापीठाचे दहा-बारा ओळखीचे चेहरे नव्हेत. शेजारच्या ओकलंडचे, परगण्याचे, महामार्गाचे, मिळून सुमारे 500, हेल्मेट आणि लांब दंडुके घेऊन. उद्या पालकांचा दिवस आहे. आई-वडील मुलांचं विद्यापीठ बघायला येणार, आणि चौकात ही गाडी.

टपावरून सूचना येतात, नीट ऐका. टाय सोडा. कानातलं काढा. खिशातलं पेन, पिन, टोकदार काही असेल ते बाजूला ठेवा. शेजाऱ्याच्या हातात हात अडकवा. ओढायला लागले तर अंग सैल सोडा, डोकं झाका. शेजारची मुलगी कानातले डूल काढून मुठीत धरते, आणि तुम्हाला पहिल्यांदा खरी भीती वाटते. एवढा वेळ हा सगळा उत्सव होता. आता पोटात गोळा आहे, तोंड कोरडं पडलंय, आणि तळहात कुणाचा घामेजलाय, तुमचा की तिचा, कळत नाही.

साडेसातच्या सुमारास साव्हिओ पुन्हा मोज्यांवर चढतो. विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्याशी करार झालाय. त्याची कलमं वाचून तो सांगतो, शांतपणे उठा आणि घरी जा. काही जण नाराजीने कुजबुजतात, तरी सगळे उठतात. 32 तास अडकलेली गाडी सुटते. वाइनबर्गला ठाण्यावर नेतात, नोंद करतात आणि सोडून देतात. दबलेल्या टपाच्या दुरुस्तीसाठी विद्यार्थीच वर्गणी काढतात. दंडुका एकदाही पडला नाही.

पण परत फिरायच्या आधी दोन महिने पुढे चला, डिसेंबरात. करार विस्कटलाय. हजारावर मुलं स्प्राउल हॉलच्या चारही मजल्यांवर बसलीत. दुपारी गायिका जोन बाएझ पायऱ्यांवर गाऊन गेली. आता एका कोपऱ्यात भिंतीवर चॅप्लिनचा सिनेमा चाललाय, दुसरीकडे ज्यू विद्यार्थी हानुकाचा सण साजरा करताहेत, जिन्यात अभ्यास. हवा कोंदट, ओल्या लोकरीचा आणि मोज्यांचा वास. पहाटे तीनला कुलगुरू भोंग्यावरून सांगतात, निघा. कुणी निघत नाही. मग पोलीस वर येतात.

इथे तुम्हाला आवाजच जास्त लक्षात राहील. मुलींना लिफ्टने तळघरात नेतात. मुलांना ओढत जिन्यावरून खाली. फरशीच्या पायऱ्यांवर टेकत जाणारं शरीर, दर पायरीला एक धप्प. हे बारा तास चालतं. सुमारे 800 जणांना अटक होते. सकाळी आठच्या तासाला निघालेले प्राध्यापक चौकात येतात आणि आपल्या वर्गातली मुलं पोलिसांच्या बसमध्ये कोंबली जाताना बघतात. आजवर “जरा सबुरीने घ्या” म्हणणारे हेच लोक त्या दिवशी जामिनाचे पैसे गोळा करतात आणि तुरुंगाच्या दारातून मुलांना आणायला स्वतःच्या गाड्या काढतात. ऑक्टोबरातल्या सगळ्या भाषणांनी जे साधलं नाही, ते पोलिसांनी एका रात्रीत साधून दिलं.

शेवटचा थांबा, 8 डिसेंबर, व्हीलर हॉलच्या बाहेर. आत वाक्‌स्वातंत्र्याच्या ठरावावर प्राध्यापकांची सभा, बाहेर हजारो विद्यार्थी भोंग्याला कान लावून. निकाल येतो: ठरावाच्या बाजूने 824, विरुद्ध 115. प्राध्यापक बाहेर पडतात तेव्हा मुलं दोन रांगा करून टाळ्या वाजवतात, आणि काही पोक्त चेहऱ्यांचे डोळे पाणावलेले दिसतात.

त्या ठरावात सगळं मोकळं सोडलेलं नाही, हे नीट वाचा. सभा केव्हा, कुठे आणि कशी घ्यायची, यावर विद्यापीठ वाजवी नियम करू शकतं, म्हणजे शिकवणं बंद पडणार नाही. बोलणाऱ्याने काय बोलावं, कशाची हाक द्यावी, यावर मात्र विद्यापीठाचं नियंत्रण नाही. वाक्‌स्वातंत्र्याची मर्यादा कुठे आखावी, याचं इतकं सुटसुटीत उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

आता घरी आलात की एक करा. एखाद्या कॉलेजात कार्यक्रम रद्द झाला, फाटकावर पोलीस उभे राहिले, अशी बातमी पुन्हा वाचाल तेव्हा वक्ता आपल्या बाजूचा की समोरच्या, हे लगेच बघू नका. आधी विचारा, अडवलंय काय? वेळ आणि जागा अडवली असेल तर नियम मागा, आणि तो सगळ्यांना सारखा आहे ना ते तपासा. म्हणणं अडवलं असेल तर वक्ता तुम्हाला कितीही नावडता असला तरी त्याच्या बाजूने उभे राहा.