वनस्पतीआधारित आहार : सुरू करणे सोपे, वर्षानुवर्षे टिकवायचा कसा?

धान्य, डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे आणि शेंगदाणे, तीळ, जवस यांसारख्या तेलबिया यांवर चालणाऱ्या आहाराला वनस्पतीआधारित आहार म्हणतात. त्यात मांस, मासे, अंडी नसतात आणि बहुतेक वेळा दूधही नसते. मधुमेह, रक्तदाब किंवा वाढलेल्या वजनामुळे आपल्या समाजातही अनेक जण या आहाराकडे वळत आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहतो की पहिला महिना उत्साहात जातो आणि पुढे गाडी अडते. ती का अडते आणि पुढे कशी न्यायची, याची ही माहिती.

कारण आरोग्याचे, शुद्धतेचे नव्हे

आपल्याकडे कुणी मटण सोडले की पहिला प्रश्न येतो, "काय रे, माळ घातली का?" या थट्टेमागे इतिहास आहे. खाण्यावरून माणसाला हीन ठरवण्याची रीत आपल्या पूर्वजांनी सोसली. गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडला. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे मांस सोडणे म्हणजे वरच्या जातींचे म्हणणे मान्य करणे, असे अनेकांना वाटते.

धम्मात मात्र असे काही नाही. भिक्खूंना मांस-मासे पूर्ण बंद करावेत, ही देवदत्ताची मागणी बुद्धांनी नाकारली होती. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका असली तर ते मांस घेऊ नये, एवढाच नियम होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, मांसाहार सोडण्याची नाही. म्हणजे शुगरसाठी मटण सोडणारा इतरांपेक्षा अधिक धम्मनिष्ठ होत नाही आणि खाणारा कमी ठरत नाही.

हे मनात पक्के असणे महत्त्वाचे. लाजेतून किंवा दिखाव्यातून घेतलेला निर्णय पहिल्या टोमण्याला डळमळतो. "शुगर वाढलीय, म्हणून बदल केलाय" एवढे उत्तर पुरेसे असते.

राजा प्रसेनजिताची गोष्ट

संयुत्त निकायात कोसलच्या राजा प्रसेनजिताची कथा आहे. भरपेट भात खाऊन धापा टाकत तो बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला मात्रा ओळखून खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवण्याचे काम दिले. राजाचा आहार हळूहळू कमी होत एका ठराविक मापावर आला आणि शरीर हलके झाले.

यात तीन गोष्टी आहेत : बदल टप्प्याटप्प्याने झाला, आठवण नेमकी जेवणाच्या वेळी मिळाली आणि ती करून देणारा माणूस सोबत होता. एकट्याच्या जिद्दीवर सगळा भार टाकू नये, हा त्याचा अर्थ.

नव्वद दिवसांची मुदत

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या. नवी सवय अंगवळणी पडायला मध्यमान ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, असेही दिसले. म्हणून लग्नात एक ताट वेगळे जेवलात तर 'सगळे संपले' असे समजू नका. पुढचे जेवण ठरल्याप्रमाणे घ्या.

आषाढ पौर्णिमेपासूनचा तीन महिन्यांचा वर्षावास या सुरुवातीसाठी सोयीचा आहे. विहारात ग्रंथवाचनाला रोज माणसे भेटतात. त्यातल्या दोघा-तिघांनी मिळून ठरवले तर विचारपूस आपोआप होते. अष्टशीलात दुपारनंतर जेवण वर्ज्य असते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये.

ताटात काय हवे

अनेक जण कंटाळून नव्हे, तर भूक राहते म्हणून हा आहार सोडतात. मांस काढले आणि त्या जागी फक्त भात-बटाटा वाढला, तर भूकही राहते आणि शुगरही उतरत नाही. वडापाव आणि फरसाणही वनस्पतीजन्यच आहेत, हे लक्षात ठेवावे.

सुदृढ प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. १०० ग्रॅम कच्च्या डाळीत २२ ते २४ ग्रॅम, तर सोयावडीत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. पळीभर पातळ वरणाने ही गरज भागत नाही. घट्ट वरण, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, झुणका, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी रोज हवी. अंबाडी, तांदुळजा, घोळ या भाज्या आपल्या आज्यांनी रानातून खुडून आणल्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. महागडे बदामदूध लागत नाही. नाचणीच्या भाकरीत कॅल्शियम भरपूर असते. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा टाळा, म्हणजे लोह अंगी लागते.

गोळी आणि तपासणी

बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूध-अंडीही बंद असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावीच लागते. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ आणखी कमी होऊ शकते. आहार बदलल्यावर शुगर उतरली तर औषधाचा डोसही बदलावा लागतो. तो स्वतः बदलू नका. किडनीचा आजार असेल तर डाळींचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

एचबीए१सी ही चाचणी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. दर तीन महिन्यांचे आकडे एका वहीत लिहून ठेवा. उत्साह ओसरतो तेव्हा ही वही कामी येते.

घरातील बाईवर दुप्पट काम नको

पुरुषाने आहार बदलायचा आणि बाईने दोन स्वयंपाक करायचे, असे घर फार दिवस चालत नाही. भाकरी, वरण, उसळ, भाजी हे सर्वांसाठी एकच असावे. ज्याला अंडे किंवा मटण हवे त्याने ते वेगळे घ्यावे आणि करण्यात हातही लावावा. आजारी बाईच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. ती घरच्यांसाठी एक आणि स्वतःसाठी दुसरे रांधत नाही, उरलेले खाते. तिचा आहार टिकावा असे वाटत असेल, तर घराने तिच्या ताटाकडे आधी पाहिले पाहिजे.