दोन तारा आणि एक जमीन

हाउन्सलो ईस्ट स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना माझ्या मुलीने मध्यंतरी विचारले, "बाबा, गाडीला दोन रूळ पुरतात, मग इथे चार कशाला?" मी डॉक्टरेट केलेला इंजिनिअर, उत्तर तोंडपाठ होते. पण ते देता देता वीस वर्षांपूर्वीची माझी एक चूक आठवली. आज दोन्ही सांगतो.

आपल्या हाउन्सलोच्या मार्गावर १९०५ साली डिस्ट्रिक्ट रेल्वेच्या विजेच्या गाड्या सुरू झाल्या. पिकाडिली लाइन १९३३ साली आली आणि १९७७ साली हीथ्रोपर्यंत पोहोचली. तिची पारंपरिक मांडणी अशी: कडेच्या रुळात अधिक ४२० व्होल्ट, मधल्या रुळात उणे २१० व्होल्ट. अनेक देशांत वीज चाकांखालच्या रुळांतूनच परत जाते आणि थोडी जमिनीत झिरपते. लंडनच्या भुयारांना बिडाचे अस्तर, आसपास गॅस-पाण्याचे नळ. झिरपलेल्या विजेने ते खाल्ले जातील, म्हणून परतीची वाट स्वतंत्र ठेवली.

तारायंत्राच्या काळात मात्र जमीन म्हणजे फुकटची दुसरी तार होती. १८३८ साली श्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले की एकच तार पुरते, परतीचे काम जमीन करते. टेलिफोन आल्यावर या काटकसरीची खोड कळली: शेजारच्या तारांची खरखर कानात येऊ लागली. १८८१ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी उपायाचे पेटंट घेतले. दोन तारा घ्या आणि त्यांना पीळ घाला. गोंगाट दोघींवर सारखाच बसतो. ऐकणाऱ्याने फक्त दोघींमधला फरक ऐकावा. एस.टी. खड्ड्यात आपटली तरी शेजारी बसलेल्या दोघांच्या उंचीतला फरक काही बदलत नाही!

याच विचारावर १९८३ साली आरएस-४८५ हे मानक निघाले. एका पीळदार जोडीवर ३२ यंत्रे, अंतर सुमारे १,२०० मीटरपर्यंत, आणि २०० मिलिव्होल्टचा फरकसुद्धा ओळखणारी चिप. ७५१७६ जातीच्या जुन्या चिपा स्वस्थ बसल्या तरी २५ ते ४० मिलिअँपिअर वीज खात. पुढे सीमॉस तंत्राने हा खर्च सुमारे ०.३ मिलिअँपिअरवर आला. म्हणजे स्वस्थ बसलेल्या ३२ नव्या चिपा मिळून एका जुन्या चिपेपेक्षा कमी वीज घेऊ लागल्या. मग शेतातल्या, गोदामातल्या छोट्या यंत्रांनाही ही भाषा परवडू लागली.

अशाच चिपा मी पहिल्या नोकरीत एका साखर कारखान्यात बसवल्या. वजनकाट्याचा आकडा ऑफिसात न्यायचा होता. वायरमन-मामांनी तीन तारांची केबल ओढली होती. "साहेब, ही तिसरी कुठं जोडायची?" मी ऐटीत म्हणालो, "कापून टाका. फरकच मोजायचा, दोन पुरतात."

गळीत हंगामात मोठ्या मोटारी सुरू झाल्या की काट्याची जमीन आणि ऑफिसची जमीन यांच्यात व्होल्टांचा फरक पडे. चिप उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच सोसते. दोन्ही टोकांना एका पातळीवर बांधून ठेवायलाच ती तिसरी तार असते. चिपा जळाल्या. काटा बंद, फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग, ऊस वाळून वजन घटतेय. अहवालात मी लिहिले, "अर्थिंग सदोष." बोलणी मामांनी खाल्ली. खरे कारण मला काही महिन्यांनी उमगले, तेव्हा मी नोकरी बदलली होती आणि गप्प राहिलो.

मुलीच्या प्रश्नानंतर आलेल्या सुट्टीत मी त्यांच्या गावी गेलो. निवृत्त झालेत, अंगणात बसले होते. सगळे सांगून माफी मागितली. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "तिसरी तार मी कापलीच नव्हती, साहेब. गुंडाळून पेटीत ठेवली होती. तुम्ही गेल्यावर जोडली. मग नाही जळली चिप."