क्षयरोग : देह आमचे, संशोधनाचे फळ कुणाचे?

क्षयरोग हा गरिबांच्या अडाणीपणाचा रोग आहे, असे आजही सर्रास बोलले जाते. 'हे लोक तपासायला येत नाहीत, गोळ्या मध्येच सोडतात.' वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे नेहमी ऐकतो. पण क्षयरोग संशोधनाचा इतिहास वेगळेच सांगतो. तो आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा.

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. तोवर चांगला उपचार म्हणजे सॅनेटोरियम : महिनोन्‌महिने खाट, विश्रांती आणि सकस आहार. रुग्ण लाखोंनी आणि खाटा मूठभर. म्हणजे गरिबाने मरायचेच.

केंद्राने शहरातील गरीब रुग्णांचे चिठ्ठी पद्धतीने दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा घरीच. औषधे दोघांनाही तीच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दाटीवाटीच्या खोलीत, अपुऱ्या अन्नावर राहून औषध घेणारेही जवळपास तितकेच बरे झाले. घरच्या माणसांचा धोकाही त्यामुळे वाढला नाही. खाटेची अट गेली आणि जगभरच्या गरिबांना उपचाराचा रस्ता मोकळा झाला. हे ज्ञान मद्रासच्या गरीब वस्त्यांनी जगाला दिले.

१९६३ साली डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांचा कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्याचा समाजशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. सुमारे निम्मे तर स्वतःहून दवाखान्यात गेले होते. तिथे त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठवले जात होते. मग अडाणी कोण, रुग्ण की व्यवस्था?

मात्र मद्रासच्या निष्कर्षातून राज्यकर्त्यांनी सोयीचे तेवढेच उचलले, असे आमचे मत आहे. औषधाने अपुऱ्या अन्नावरचा रुग्णही बरा होतो, हे खरे. पण माणूस आजारी का पडतो, हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलाच नव्हता. गोळी आली आणि भाकर, घर, मजुरी हे विषय कार्यक्रमातून मागे पडले.

हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला झारखंडने. तिथल्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने 'रेशन्स' हा अभ्यास झाला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे त्यात होती. रुग्णांना सर्वत्र शिधा मिळाला. काही कुटुंबांतील इतरांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली गेली. २०२३ साली निष्कर्ष आला : अशा घरांत नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. तांदूळ-डाळीने रोग रोखला!

औषधाचेही तेच. बेडाक्विलिनवरील मक्तेदारी लांबवण्याचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळला. त्याला आव्हान देणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले होत्या. क्षयरोगाच्या जुन्या, विषारी औषधांनी दोघींची श्रवणशक्ती गेली होती. रुग्णच लढले, म्हणून स्वस्त औषधाची वाट खुली झाली.

संविधानाचे कलम ४७ सांगते की पोषणमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. सरकार निक्षय पोषण योजनेत रुग्णाला दरमहा ५०० रुपये देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० देते. पण झारखंडचा धडा रुग्णापुरता नाही, संपूर्ण घराचा आहे. रुग्णाच्या घरातील प्रत्येक माणसाला धान्य आणि डाळ मिळालीच पाहिजे, ही मागणी प्रत्येक तालुक्यात लेखी गेली पाहिजे.

चवदार तळ्याचे पाणी सार्वजनिक होते, तरी ते घेण्यासाठी १९२७ साली महाडला जावे लागले. आपल्याच देहांवर उभे राहिलेले ज्ञानही सार्वजनिक आहे. ते मागायचे नाही, हक्काने घ्यायचे आहे.

जय भीम!