केळीच्या सावलींतील कॉफी

नांदेडहून नागपूरच्या वाटेनें निघालें कीं अर्धापूर लागतें. ईसापूर धरणाचें पाणी लाभलेल्या या मुलखांत केळीचे मळे दूरवर पसरलेले दिसतात. येथल्या बागाईतदाराची अडचण थोडक्यांत सांगतां येते. घड तयार झाला म्हणजे त्याला थांबतां येत नाहीं. आणि ज्याला थांबतां येत नाहीं, त्याच्या मालाचा भाव दुसराच ठरवितो. ह्याच अडचणीशीं शंभर वर्षें झुंजणाऱ्या एका दूरच्या शेतकरी समाजाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

पूर्व आफ्रिकेंत, आजच्या टांझानिया देशांत, किलिमांजारो पर्वताच्या उतारावर चाग्गा लोकांची वस्ती आहे. केळें हें त्यांचें पूर्वापार अन्न. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं तेथें कॉफी आणली, व चाग्गा कुटुंबांनीं ती आपल्या केळीच्या सावलींत लाविली. पहिल्या महायुद्धानंतर तो मुलूख इंग्रजांकडे गेला. गोऱ्या मळेवाल्यांस ही स्पर्धा रुचली नाहीं. आफ्रिकी शेतकऱ्यांच्या कॉफीस त्यांनीं विरोध आरंभिला. तेव्हां १९२५ सालीं चाग्गा बागाईतदारांनीं स्वतःचा संघ काढला. १९३३ मध्यें त्याची जागा किलिमांजारो नेटिव्ह को-ऑपरेटिव्ह युनियन ह्या सहकारी संस्थेनें घेतली.

कॉफीचें लाल फळ तोडल्यावर त्याचा गर लौकर काढावा लागतो. नाहींतर तें आंबून चव बिघडते. बी धुवून वाळविलें म्हणजे मात्र तें कित्येक महिने टिकतें. परंतु माल टिकला तरी गरजू शेतकरी कोठवर टिकणार? म्हणून गांवोगांवचें बी एकत्र करून एकत्रच विकणें, हें संघाचें मुख्य कार्य ठरलें.

हा मार्ग निष्कंटक नव्हता. सर्वांनीं संघामार्फतच कॉफी विकली पाहिजे, अशी सक्ती झाली आणि त्यांतच भाव घसरले, तेव्हां १९३७ मध्यें सभासदच संघाविरुद्ध उठले. पुढें १९७६ मध्यें स्वतंत्र टांझानियाच्या सरकारनें सारे सहकारी संघ बरखास्त केले. १९८४ मध्यें ते पुन्हां उभे राहिले. संघाचें बळ कायद्यांत नसून सभासदांच्या विश्वासांत आहे, हें यावरून दिसतें.

१९८९ मध्यें कॉफीच्या निर्यातीचा आंतरराष्ट्रीय करार कोलमडला आणि जगभर भाव कोसळले. त्याच्या आदल्याच वर्षीं हॉलंडमध्यें ‘मॅक्स हॅवेलार’ हें चिन्ह निघालें होतें. जावा बेटांतील रयतेच्या पिळवणुकीवरील १८६० च्या डच कादंबरीचें हें नांव. ठराविक किमान भावाखालीं न जाण्याचें बंधन खरेदीदारानें पत्करावें, ही त्यांतील कल्पना. २०२३ मध्यें धुतलेल्या अरेबिका कॉफीचा हा किमान भाव पौंडास १·८० डॉलर ठरला, व सार्वजनिक कामांसाठीं संघाला वर २० सेंट मिळत. शिवाय जे संघ पिकलेलींच फळें वेंचून उत्तम माल वेगळा राखतात, त्यांस चोखंदळ गिऱ्हाईक याहूनही अधिक मोल देतें.

आपल्याकडे हा धडा नवा नाहीं. १८७५ मध्यें सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं. १९०४ मध्यें सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. आणि १९५०-५१ च्या हंगामांत विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं प्रवरानगरचा साखर कारखाना सुरू झाला. तोडलेला ऊसही थांबत नाहीं. म्हणून शेतकऱ्यांनीं कारखानाच आपला केला.

केळ्याचें बी वाळवून ठेवतां येत नाहीं, हें खरें. परंतु शीतगृहें आणि केळीं पिकविण्याच्या खोल्या आज त्याच्याही पदरांत कांहीं दिवसांची सवड घालतात. ती सवड ज्याच्या मालकीची, भाव ठरविण्यांत शब्दही त्याचाच चालावयाचा. ती व्यापाऱ्याची असावी कीं बागाईतदारांच्या संघाची, हाच अर्धापूरपुढचा प्रश्न आहे.