रंगमंचाच्या पाच पायऱ्या

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहा, असा आपल्या अध्यक्षबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांच्या इतिहासाला हात घालण्याचे धाडस मला होणार नाही. पण नाटकाची आवड आपणा सर्वांनाच आहे. तेव्हा नाटकगृहाचे दार कोणाकोणाला आणि कसकसे उघडत गेले, एवढेच वाचनालयातील पुस्तकांच्या आधाराने सांगते. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले. सीता स्त्री खरी, पण तिचे सोंग पुरुषानेच घ्यायचे, असा तो काळ होता. घरंदाज बाईने नाटकात काम करणे तर सोडाच, नुसते नाटकास जाणेही लोकांना रुचत नसे. पुढे नाटकगृहांतून स्त्रियांसाठी निराळी बैठक ठेवण्याची रीत पडली आणि आपल्या आज्या-पणज्यांना नाटक दिसू लागले. १ जुलै १९३३ रोजी मुंबईस 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. सीतेला खरी स्त्री मिळायला अशी कितीतरी वर्षे जावी लागली. गंमत अशी की, नाटकाचे नाव 'आंधळ्यांची शाळा', पण खऱ्या आंधळ्या माणसाने त्या काळी नाटकास यावे कसे, याचा विचार कोठेच दिसत नाही.

यातून एक गोष्ट मला उमगली. बायकांना नाटक कळत नव्हते म्हणून त्या बाहेर होत्या, असे नाही. त्यांच्यासाठी सोय नव्हती आणि लोकांची तयारी नव्हती. सोय झाली, तयारी झाली, आणि बायका आत आल्या. अपंगांची, म्हणजे आज ज्यांना आपण दिव्यांग म्हणतो त्यांची, गोष्ट तंतोतंत अशीच आहे.

बालगंधर्वांचेच पाहा. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि त्यांच्या शालू-शेल्यांची नक्कल घरोघरच्या बायका करू लागल्या. असा हा नट उतारवयात पायांनी अधू झाला. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसली. १५ जुलै १९६७ रोजी ते वारले आणि २६ जून १९६८ रोजी रंगमंदिर सुरू झाले. एवढ्या थोर नटालाही म्हातारपणी पायांनी साथ दिली नाही, मग तुमची-आमची काय कथा? आज धडधाकट असलेल्या प्रत्येक बाईला कधी ना कधी जिन्याचा कठडा शोधावाच लागतो.

आता आपल्या घरचे सांगते. माझ्या वन्सं लहानपणी पोलिओने दोन्ही पायांनी अधू झाल्या. भारत पोलिओमुक्त झाल्याचे २०१४ साली जाहीर झाले, पण त्याआधी ज्यांना तो झाला त्या आजही आपल्यातच आहेत. वन्संच्या हातात पेटी बोलते. आपल्या मंडळाच्या नाटिकांना वर्षानुवर्षे त्यांचीच साथ असते, पण ती रंगमंचाच्या खाली कोपऱ्यात बसून. एका वर्षी त्यांचा सत्कार ठरला. चौघा जणांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. घरी आल्यावर वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, सत्कार नको होता गं, वर जायला रस्ता हवा होता." त्यानंतर त्यांनी वर जाण्याचे नावच काढले नाही.

असे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत अ‍ॅली स्ट्रोकर नावाची नटी चाकाच्या खुर्चीवरून काम करते. २०१९ साली तिला नाटकाचे तेथील फार मोठे पारितोषिक, टोनी, मिळाले. पण त्या नाट्यगृहात प्रेक्षकांतून रंगमंचावर जायला उतार नव्हता. म्हणून बाकीचे प्रेक्षकांत बसले असता तिला आपले नाव पुकारले जाण्याची वाट पडद्यामागे पाहावी लागली. एवढ्या श्रीमंत देशातही प्रेक्षकांची सोय आधी सुचते, कलावंताची मागाहून.

त्याच देशाचे चांगलेही सांगितले पाहिजे. वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात १९८१ साली मार्गारेट फान्स्टील या दृष्टिहीन बाईंच्या खटपटीने एक प्रथा सुरू झाली. रंगमंचावर कोण आले, कोण रुसून पाठमोरे बसले, हे संवादांच्या मधल्या जागेत हळू आवाजात सांगायचे. ते ज्याला हवे त्यालाच कानाशी ऐकू येते. आपल्याकडे स्वागत थोरात यांनी तर दृष्टिहीन कलावंतांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' हे नाटकच उभे केले. तेव्हा प्रश्न गुणांचा नाही, वाटेचा आहे.

सरकारनेही वाट आखून दिली आहे. १९९५ च्या कायद्यात सार्वजनिक इमारतींना उतार करावा असे होते, परंतु ते ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडले होते. २०१६ च्या कायद्याने ही पळवाट उरली नाही. लोक जेथे करमणुकीसाठी जमतात ती खासगी इमारतही त्यात सार्वजनिकच धरली आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी यासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितले की, अशा सोयींचे नियम नुसते सुचविण्यापुरते नकोत, बंधनकारक हवेत.

भगिनींनो, आता हिशेब मांडू. आपल्या रंगमंचाला अर्ध्या अर्ध्या फुटाच्या पाच पायऱ्या आहेत, म्हणजे उंची अडीच फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. तेव्हा आपल्याला तीस फूट उतार पुरेल. मध्ये टेकायला सपाट जागा, चार फूट रुंदी आणि दोन्ही बाजूंना कठडा हवा. बाजूच्या भिंतीलगत तेवढी जागा आहे, ती मी स्वतः टेपने मोजली आहे. बाजूचे दार तीन फुटांचे करावे लागेल. पहिल्या रांगेतील दोन खुर्च्या काढल्या की चाकाची खुर्ची तेथे मावते, आणि तिच्यासोबत आलेल्या माणसाला शेजारीच बसता येते. संवाद मोठ्या अक्षरांत छापून दाराशी ठेवले, तर कमी ऐकू येणाऱ्या आजींनाही नाटक कळेल. याला फार खर्च नाही.

वर्धापनदिनाच्या निधीतून नवे पडदे घ्यावेत की हा उतार बांधावा, हे येत्या सर्वसाधारण सभेत ठरायचे आहे. पडदे जुने झाले आहेत हे मलाही दिसते. पण जुन्या पडद्यांसमोर नाटक होऊ शकते. आपल्यासाठी कोणीतरी एकदा नाटकगृहात जागा केली, म्हणून आज आपण रंगमंचावर उभ्या आहोत. तीच जागा पुढच्यांना करून देणे आपले काम आहे. सभेत माझे मत मी उताराला देणार आहे. सर्व भगिनींनी याचा विचार करावा, ही विनंती.