एक्क्याऐंशी वाचले होते

दुसऱ्या महायुद्धात उत्तर अटलांटिकमध्ये बुडालेल्या जहाजांच्या याद्या वाचायची सवय होऊन जाते. नाव, तारीख, मृतांचा आकडा, पुढची ओळ. कॅनडाच्या ‘सेंट क्रॉय’ या विनाशिकेपाशी मात्र अडखळायला होतं, कारण तिथं हिशेब जुळत नाही. जहाज बुडालं २० सप्टेंबर १९४३ ला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची ८१ माणसं समुद्रातून जिवंत वर काढली गेली. किनाऱ्याला लागला एक.

मधल्या काळात काय घडलं, त्याचा हा घटनाक्रम. वेळा ग्रिनिचच्या आहेत. तास मोजलेत ते शेवटच्या स्फोटापासून मागे, आणि तो मध्यरात्रीच्या सुमाराचा असल्यामुळे ते अदमासेच धरावेत.

तीन वर्षं आधी : हॅलिफॅक्स

मुळात हे जहाज कॅनडाचं नव्हतंच. १९१९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीच्या गोदीत ते पाण्यात उतरलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘मॅकूक’ आणि झेंडा अमेरिकेचा. पहिलं महायुद्ध तोवर आटोपलेलं. १९२२ मध्ये त्याला अडगळीत टाकलं गेलं आणि पुढची सतरा वर्षं ते तसंच पडून राहिलं. १९४० मध्ये ब्रिटन विनाशिकांसाठी कासावीस झालं, तेव्हा अमेरिकेने अशा ५० जुन्या विनाशिका देऊन टाकल्या आणि बदल्यात न्यूफाउंडलंडपासून कॅरिबियनपर्यंतच्या ब्रिटिश जागा नाविक तळांसाठी ९९ वर्षांच्या कराराने घेतल्या. सौदा कोणाच्या फायद्याचा झाला हे सांगायला अर्थशास्त्री नको.

त्यातल्या काही कॅनडाच्या वाट्याला आल्या. २४ सप्टेंबर १९४० ला हॅलिफॅक्सच्या बंदरात ‘मॅकूक’चं नाव बदललं. कॅनडात विनाशिकांना नद्यांची नावं देत. सेंट क्रॉय ही अमेरिका आणि कॅनडा यांच्या हद्दीवरून वाहणारी नदी, म्हणजे नाव अगदी समर्पक. जहाज मात्र ३१४ फूट लांब आणि जेमतेम ३१ फूट रुंद. ओळीने चार उंच धुरांडी. शांत समुद्रात भरधाव पळण्यासाठी बांधलेलं हे सडपातळ शरीर अटलांटिकच्या हिवाळ्यात असं काही डोलायचं की खलाशांना बशीतलं जेवण तोंडापर्यंत नेणं मुश्किल. त्या वर्षाच्या अखेरीस ते इंग्लंडला निघालं, वादळात सापडलं, मार खाऊन हॅलिफॅक्सला परतलं आणि मार्चपर्यंत दुरुस्तीला बसलं.

पुढे हेच म्हातारं जहाज नाव काढून गेलं. जुलै १९४२ मध्ये ताफ्याच्या पहाऱ्यावर असताना त्याने यू-९० ही जर्मन पाणबुडी बुडवली. मार्च १९४३ मध्ये ‘शेडियॅक’ या कॉर्व्हेटच्या, म्हणजे लहानशा पहारेकरी जहाजाच्या, साथीने यू-८७. दोन्ही वेळा कप्तान होते अँड्र्यू डॉब्सन.

काही दिवस आधी : दोन ताफे, एक पक्षी

सप्टेंबर १९४३ च्या मध्यात ब्रिटनहून अमेरिकेकडे दोन ताफे निघाले होते. ओएनएस १८ हा संथ, ओएन २०२ हा त्यामानाने जलद. मागून निघालेला जलद ताफा पुढच्याला गाठत चालला होता. दोन्हींची मिळून साठाहून जास्त मालवाहू जहाजं. भोवती विनाशिका, फ्रिगेट आणि कॉर्व्हेट यांचं कडं. शिवाय मदतीला धाडलेली एक वेगळी तुकडी, नववी. ब्रिटिश फ्रिगेट ‘इचेन’ तिची प्रमुख. तिच्यासोबत ‘सेंट क्रॉय’ आणि ‘चेंब्ली’, ‘मॉर्डेन’, ‘सॅकव्हिल’ या कॅनडाच्या कॉर्व्हेट. ही तुकडी खरं तर बिस्केच्या उपसागराकडे चालली होती. वाटेत आदेश बदलला.

मे महिन्यात जबर मार खाऊन जर्मन पाणबुड्यांचे कळप अटलांटिकच्या या भागातून मागे गेले होते. आता ते परतत होते. सुमारे वीस पाणबुड्यांच्या या कळपाला नाव दिलं होतं ‘लॉयथेन’, फ्रेडरिक द ग्रेटच्या गाजलेल्या विजयावरून. त्यांच्याकडे एक नवा टॉर्पेडो होता. आजवर टॉर्पेडो नेम धरून सोडत. हा स्वतःच ऐकायचा. तोंडाशी बसवलेल्या कानांनी जहाजाच्या पंख्याचा आवाज टिपत तो त्या आवाजामागे वळायचा. मध्यम गतीने धावणाऱ्या पहारेकरी जहाजाचा पंखा त्याला सगळ्यात नीट ऐकू येई.

जर्मनांनी त्याला नाव दिलं ‘त्साउनक्योनिग’. झुडपांतून घुमणारा एक चिमुकला पक्षी. शब्दशः अर्थ, कुंपणाचा राजा. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं देव जाणे, पण काम नावासारखंच होतं. आधी कुंपण मोडायचं, मग शेतात शिरायचं.

६९ तास आधी : २० सप्टेंबर, पहाटे ३

एका पाणबुडीचा माग काढत निघालेल्या ‘लॅगन’ या ब्रिटिश फ्रिगेटच्या मागच्या भागात स्फोट झाला. शेपटाकडचा तुकडाच उडाला. २९ माणसं गेली. जहाज तरंगत राहिलं, त्याला ओढून इंग्लंडला नेलं, पण ते पुन्हा कधी कामाला आलं नाही.

मागच्या भागात स्फोट, तेही पाठलाग करणाऱ्या जहाजाच्या. ही पहिली खूण होती.

६४ तास आधी : सकाळी साडेसात

यू-२३८ ने दोन अमेरिकी मालवाहू जहाजांना टिपलं. एकाचं नाव ‘थिओडोर ड्वाइट वेल्ड’, दुसऱ्याचं ‘फ्रेडरिक डग्लस’. दोघंही गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचणारे. वेल्ड यांचं नाव असलेलं जहाज दुभंगून लगेच बुडालं. दुसऱ्याचा शेवट त्याच दिवशी नंतर झाला.

दोन्ही ताफ्यांनी एकत्र व्हावं, असा आदेश किनाऱ्यावरून आला. कागदावर सोपं. प्रत्यक्षात साठ-पासष्ट जहाजं दिवसभर समुद्रात एकमेकांभोवती गिरक्या घेत राहिली. या गोंधळात पहारेकऱ्यांनी ताफा सांभाळायचा की पाणबुड्या, हा प्रश्न प्रत्येक कप्तानाने आपापल्या परीने सोडवला.

५२ तास आधी : संध्याकाळी ७.५१

आइसलंडच्या नैर्ऋत्येला, खोल समुद्रात. ग्रिनिचचं घड्याळ आठ दाखवत असलं तरी इतक्या पश्चिमेला सूर्य नुकता कलत होता. विमानाने पाणबुडी दिसल्याचं कळवलेल्या जागेकडे ‘सेंट क्रॉय’ निघाली होती. म्हणजे नेहमीचंच काम. तीन वर्षांत असं कितीदा झालं असेल. पाणबुडीने डुबकी मारायची, विनाशिकेने वरून पाणसुरुंग टाकायचे, बहुतेक वेळा हाती काही लागायचं नाही.

या वेळी यू-३०५ पळत नव्हती. तिचा कप्तान रुडॉल्फ बार थांबून होता.

स्फोट मागे झाला, पंख्यापाशी, जिथं तो टॉर्पेडो जाणार होता तिथंच. जहाज जागच्या जागी थांबलं आणि एका अंगाला कलू लागलं. डॉब्सननी होड्या आणि तराफे खाली सोडायला लावले आणि ‘इचेन’ला निरोप धाडला : ऑफिस सोडतोय. जहाज सोडत असल्याचं सांगायची ही पद्धत. पाच वाजता टेबल आवरून निघालेल्या कारकुनासारखी ही भाषा मला फार काळ विसरता आलेली नाही. घाबरलेल्या माणसाला असे शब्द सुचत नाहीत, आणि घाबरलेल्या माणसांना ते ऐकवले तर बहुधा त्यांचेही हात जरा थंडपणे चालतात.

५१ तास आधी : ८.४४

जवळजवळ तासाभराने यू-३०५ ने आणखी एक टॉर्पेडो सोडला. ‘सेंट क्रॉय’ दुभंगली आणि तीन मिनिटांत दिसेनाशी झाली. माणसं पाण्यात, होडीत, तराफ्यांवर.

‘इचेन’ त्यांच्याकडे येत होती. तेवढ्यात तिच्याही मागे, पंख्याने उसळलेल्या पाण्यात एक टॉर्पेडो फुटला. थोडक्यात हुकला. आता तिच्या कप्तानापुढे जो पेच होता, तो युद्धातल्या जुन्यातला जुना. उचलायला थांबलं तर आपणही जाऊ. न थांबलं तर ही माणसं रात्र काढतील का? ‘इचेन’ मागे सरली आणि पहाऱ्याला दुसरं जहाज येईपर्यंत थांबायचं ठरवलं. त्यांना दोष देणं मला जमत नाही.

४९ तास आधी : रात्री साडेदहा

पहाऱ्याला आली ‘पॉलिअँथस’, एक ब्रिटिश कॉर्व्हेट. यू-९५२ च्या टॉर्पेडोने तिला गाठलं आणि ती बुडाली. ‘इचेन’ला तिचा एकच माणूस हाती लागला.

म्हणजे बुडालेल्यांना वाचवायला एक जहाज आलं, त्या जहाजाला सांभाळायला दुसरं आलं आणि ते दुसरंच बुडालं. कुंपणाची एकेक काठी उपटली जात होती. ‘सेंट क्रॉय’ची माणसं अजून पाण्यातच होती. बुडालेल्या जहाजाचं इंधनतेल पाण्यावर पसरतं. ते डोळ्यांत जातं, पोटात जातं, हातांना पकड राहू देत नाही. सप्टेंबरात त्या अक्षांशावर पाणी इतकं गार की बोटं तासाभरात आपली राहत नाहीत. काही जण रात्रीत निसटले. नेमके किती, हे मोजायला तिथं कोणी नव्हतं.

सुमारे ३९ तास आधी : २१ सप्टेंबर, सकाळ

‘इचेन’ परत आली. सुमारे तेरा तासांनंतर तिने ८१ जणांना वर घेतलं. अंगावरचं तेल पुसलं गेलं असेल, कोरडे कपडे आणि गरम काहीतरी मिळालं असेल. सुटलो, असं त्यांना वाटलं नसतं तरच नवल.

पण भर समुद्रात लढाऊ जहाजाला ‘या माणसांना आधी पोचवून येतो’ असं म्हणता येत नाही. ताफा पुढे चालला होता, कळप मागावर होता. ‘इचेन’ आपल्या जागी परतली. स्वतःच्या खलाशांखेरीज आता तिच्यावर आणखी ८२ जीव होते.

२१ आणि २२ सप्टेंबर : धुकं

दाट धुकं पडलं. आंधळी कोशिंबीर. याच धुक्यात दोन्ही ताफे अखेर शेजारी-शेजारी आले, आणि ते कसं जमलं याचं श्रेय कोणीच फारसं घेतलं नाही. ‘केपल’ या ब्रिटिश विनाशिकेने यू-२२९ ला धडक देऊन बुडवलं. २२ तारखेला दुपारी धुकं उठलं, न्यूफाउंडलंडहून विमानं आली, आणि संध्याकाळ झाली तशी ती परतली.

शून्य : २२ सप्टेंबर, मध्यरात्रीच्या सुमारास

ताफ्याच्या पुढच्या बाजूला ‘इचेन’ला पाण्यावर काहीतरी दिसलं. तिने सर्चलाइट टाकला. उजेडात पाणबुडी. तोफा सुरू झाल्या. ती यू-६६६ होती, कप्तान हर्बर्ट एंगेल. तिने सोडलेल्या टॉर्पेडोपैकी एक ‘मॉर्डेन’च्या मागे फुटला आणि तिला काही झालं नाही. दुसरा ‘इचेन’ला लागला. दारूगोळ्याने पेट घेतला आणि जहाज एका झटक्यात नाहीसं झालं.

ताफ्यातल्या जहाजांना थांबायची मुभा नसते. तरीही ‘विस्ला’ नावाच्या पोलिश मालवाहू जहाजाने पाण्यातून माणसं वर ओढली. तीन. दोन ‘इचेन’ची. तिसरा ‘सेंट क्रॉय’चा स्टोकर, विल्यम फिशर. ‘पॉलिअँथस’चा तो एक माणूसही गेला होता.

नंतर

२३ तारखेपर्यंत एकूण सहा मालवाहू जहाजं गेली. पहाऱ्याची तीन बुडाली, चौथं निकामी झालं. पाणबुड्याही तीन गेल्या. जर्मनीत मात्र जल्लोष झाला. बारा विनाशिका बुडवल्याचा दावा झाला आणि जर्मन नौदलाचे प्रमुख अॅडमिरल डोनिट्झ यांनी तो खरा मानला. कारण साधं होतं. आपलाच टॉर्पेडो वळून आपल्यावर येऊ नये म्हणून पाणबुडी तो सोडताच खोल बुडी मारायची. खाली तिला ऐकू यायचा फक्त धडाका. ‘इचेन’मागचा, ‘मॉर्डेन’मागचा हुकलेला स्फोटही बुडालेलं जहाज म्हणून नोंदला गेला. कानाने शिकार करणारे कानामुळेच फसले.

कॅनडाच्या नौदलाने काही आठवड्यांतच उतारा काढला. जहाजामागे दोरीने ओढायच्या लोखंडी कांब्यांची एक जोडी, पाण्यात एकमेकींवर आपटत खडखडणारी. तिचा खडखडाट पंख्यापेक्षा मोठा, त्यामुळे टॉर्पेडो तिच्यामागे लागायचा. बहुतेक कोणत्याही लोहाराला जमावं असं यंत्र.

‘सेंट क्रॉय’वरचे सुमारे दीडशे जण, फिशर सोडून, सगळे गेले. डॉब्सनही. मृतांमध्ये जहाजाचे डॉक्टर होते, विल्यम लायन मॅकेंझी किंग. कॅनडाच्या तेव्हाच्या पंतप्रधानांचे सख्खे पुतणे, नावसुद्धा तेच. यू-३०५ आणि यू-६६६ पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सगळ्या माणसांसह समुद्रात गडप झाल्या.

नवव्या तुकडीतली ‘सॅकव्हिल’ त्या लढाईतून परतली. फ्लॉवर वर्गाची ती जगात उरलेली एकमेव कॉर्व्हेट, म्हणजे ‘पॉलिअँथस’ची बहीणच. हॅलिफॅक्सच्या बंदरात तिचं स्मारक करून जपलं आहे. त्या गावी जाणं झालं तर तिच्या मागच्या कठड्यापाशी उभे राहा आणि खाली पाण्याकडे बघा. पंखा तिथेच आहे.