चपला इथेच काढा

काढा म्हणतोय ना! १९५५च्या जूनमधल्या या चिखलात त्या टिकणार नाहीत. डहाणूजवळच्या मसोलीच्या बांधावर तुमच्या हातात काजळी धरलेला कंदील आहे आणि डोक्यावर पळसाच्या पानांचं इरलं. पाणी नेमकं मानेतून पाठीत उतरतंय.

दुपारपर्यंत अंगाची लाही होत होती. आता भाजलेल्या राबाची राख भिजलीय, तिचा कडवट वास नाकात बसलाय. त्यात चुलीचा धूर आणि खाडीचा खारा वारा. डहाणू रोडला गाडीची शिट्टी झाली म्हणे. बेडूक ऐकू देतील तर ना!

‘डराव डराव’ हे पुस्तकातलं. इथे कुणी कंगव्याच्या दातांवरून नख फिरवतंय. तो अंगठ्याच्या पेराएवढा चिमुकला बेडूक, आवाज मात्र पाटलाचा. मागून भेकाची लांबलचक कुर्रर्र. पायाखाली मऊ, खडबडीत काही लागलं? तोच तो. उचला खुशाल, पण मग डोळे चोळू नका. कानामागच्या फुगीर गाठींतून पांढरा चीक येतो.

कंदील खाली धरा. खाचरात हळद लागलेले नवरदेव! चांगले थोराड, पिवळेधमक बेडूक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळेशार फुगे. कालपर्यंत हेच मातकट हिरवे होते. एकमेकांच्या अंगावर धडकताहेत, चिखल तुमच्या तोंडावर. माद्या मात्र रोजच्याच साध्या रंगात. वऱ्हाड नटलंय ते एकाच बाजूचं.

डबक्यावर वाकलेल्या फांदीवर झाडबेडकाची मादी मागच्या पायांनी फेस घुसळतेय. अंडी त्या फेसात. पिल्लं पुढे टपटप पाण्यात पडतील.

चला, कुडाच्या झोपडीत. छत गळतंय, घोंगडी दमट, कानात नुसता कल्लोळ. तुम्ही कूस बदलता. यजमान ढाराढूर.

आणि एकदम सगळं थांबतं. पागोळ्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकू येतो.

यजमान दचकून उठून बसतो. अंधारात कान देतो.

“विरोळा साप असंल,” म्हणतो.

दूर कुठे एक नख कंगव्यावरून फिरतं. मग दुसरं. मग सगळं खाचर. तो आडवा होतो आणि घोरायला लागतो.